रासायनिक अभिक्रियांतील वस्तुमान अक्षय्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्रव्य अक्षय्यतेचा नियम वहीत एका वाक्यात लिहून होतो; परंतु तोच नियम वजनकाट्यावर पडताळायला घेतला की शंकांची रांग लागते. नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतील नववी-दहावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणारे शिक्षक ज्या शंका पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे शक्यतो आपल्याच परिसरातील घेतली आहेत.

हा नियम नेमके काय सांगतो?

रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या सर्व अभिकारकांचे एकूण वस्तुमान आणि तयार होणाऱ्या सर्व उत्पादितांचे एकूण वस्तुमान समान असते. अभिक्रियेत अणू नव्याने जन्माला येत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत; त्यांची केवळ परस्परांशी असलेली जुळणी बदलते.

या विधानातील ‘सर्व’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दुर्दैवाने पाठांतरात तोच गळतो. ज्या ज्या प्रसंगी नियम मोडल्यासारखा वाटतो, त्या त्या प्रसंगी एकतर एखादे उत्पादित हिशेबाबाहेर निसटलेले असते, किंवा एखादे अभिकारक, बहुतेक वेळा हवेतील ऑक्सिजन, न मोजताच आत आलेले असते, किंवा मग काट्याने दाखवलेला आकडा म्हणजेच वस्तुमान असे आपण गृहीत धरलेले असते. म्हणून वजन करण्याआधी आपल्या हिशेबाची हद्द कोठे आहे, तिच्या आत काय काय आहे आणि ती हद्द खरोखर बंद आहे का, हे ठरवणे ही पहिली पायरी होय.

कोळसा जळल्यावर थोडीशी राख उरते. मग बाकीचे वस्तुमान गेले कोठे?

ते वायूंच्या रूपाने धुरांड्यातून बाहेर गेले, आणि जाताना हवेतील ऑक्सिजनही सोबत घेऊन गेले. कोराडी किंवा खापरखेडा येथील औष्णिक विद्युत केंद्रांची उंच धुरांडी आपण नेहमी पाहतो. पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे वस्तुमान जाळलेल्या कोळशापेक्षा जास्त असते, हे सांगितल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते. हिशेब सरळ आहे. कार्बनचे अणुवस्तुमान १२ आणि ऑक्सिजनचे १६. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो, म्हणजेच १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करतो. दुसऱ्या शब्दांत, एक किलो कार्बनपासून सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो.

आता राखेकडे वळू. राख म्हणजे ‘जळून उरलेला कोळसा’ हा समज चुकीचा आहे. राख हा कोळशात आधीपासूनच मिसळलेल्या माती-खडकासारख्या खनिज द्रव्याचा भाग आहे, जो बहुतांशी जळतच नाही. भारतीय कोळशात तिचे प्रमाण बरेचदा ३० ते ४० टक्के असते, आणि म्हणूनच विद्युत केंद्रांजवळ राखेसाठी मोठाले बंधारे बांधावे लागतात. समजा, १०० किलो कोळशात ४० किलो कार्बन आणि ३५ किलो खनिज द्रव्य आहे. संपूर्ण ज्वलनानंतर राख साधारण ३५ किलो उरेल. पण केवळ त्या ४० किलो कार्बनपासून सुमारे १४७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होईल आणि त्यासाठी हवेतून सुमारे १०७ किलो ऑक्सिजन खर्च होईल. कोळशातील ओलावा, हायड्रोजन आणि गंधक यांचा हिशेब याशिवाय वेगळा. राखेकडे पाहून ‘वस्तुमान घटले’ असे म्हणणाऱ्याने चार आकड्यांपैकी एकच वाचलेला असतो.

मेणबत्तीच्या बाबतीतही असेच होते का?

होय. तेथे तर राखही उरत नाही. पॅराफिन मेणाच्या रेणूत साधारण २५ कार्बन अणू आणि ५२ हायड्रोजन अणू आहेत असे मानले, तर ३५२ ग्रॅम मेण जळताना १२१६ ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि ११०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ४६८ ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज १५६८ ग्रॅम. म्हणजे जळलेल्या मेणाच्या जवळपास साडेचारपट वस्तुमानाची उत्पादिते खोलीतील हवेत मिसळतात. ज्योतीवर क्षणभर थंड, कोरडा स्टीलचा पेला धरला तर त्याच्या आतल्या बाजूला जे धुके जमते, ते या ४६८ ग्रॅमपैकीच पाणी होय.

लोखंड गंजले की त्याचे वजन वाढते की घटते?

गंज धरून मोजले तर वाढते. लोखंडाचे ऑक्साइड होताना ११२ ग्रॅम लोखंड ४८ ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि १६० ग्रॅम आयर्न ऑक्साइड होते. प्रत्यक्ष गंजात त्याशिवाय पाणीही बांधलेले असते. पण हंगाम संपल्यावर कूलरच्या पत्र्याच्या टाकीला हात लावून पाहिल्यास गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडलेले दिसतात. ते पापुद्रे झाडून टाकून फक्त टाकी मोजली, तर वजन अर्थातच कमी भरेल.

खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि फुगा हा प्रयोग केला. वायू फुग्यातच अडकला होता, तरीही काट्यावर वजन कमी का दिसले?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे, कारण हा प्रयोग जवळपास प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात मांडला जातो, त्याच्या तक्त्यावर ‘आधीचे वजन बरोबर नंतरचे वजन’ असे आत्मविश्वासाने लिहिलेले असते आणि दोन दशांश स्थळे दाखवणाऱ्या काट्यावर ते कधीच खरे ठरत नाही. मुले आकडा ‘जुळवतात’. विज्ञान शिकवण्याच्या दृष्टीने याहून वाईट काही असू शकत नाही. कारण मुलांचा काटा अगदी बरोबर असतो आणि त्याने दाखवलेली घट हीच त्या प्रयोगातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट असते.

काटा वस्तुमान थेट मोजत नाही. वस्तू तबकडीवर किती जोराने दाबते आहे, ते तो मोजतो. आपल्याभोवती हवा आहे आणि हवेत बुडालेली प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाइतकी हवा बाजूला सारते. तेवढ्या हवेच्या वजनाइतके प्लावक बल वस्तूला वर उचलते. विहिरीतून बादली ओढताना ती पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते, तेच येथे हवेच्या बाबतीत, पण फार लहान प्रमाणात, घडते. घन किंवा द्रव पदार्थ मोजताना हा परिणाम नगण्य असतो. फुगा फुगतो तेव्हा मात्र उपकरणाचे आकारमान एकदम लिटरभर वाढते.

आकडे घालून पाहू. ४.२ ग्रॅम खाण्याच्या सोड्यापासून, व्हिनेगर पुरेसे असल्यास, २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. हा वायू नेहमीच्या तापमानाला साधारण सव्वा लिटर जागा व्यापतो, म्हणजेच सव्वा लिटर हवा बाजूला सारतो. समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगॅड्रोचे तत्त्व आपण शिकतो. त्यानुसार ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड साधारण २९ ग्रॅम हवेची जागा घेतो, तर २.२ ग्रॅम वायू सुमारे १.४५ ग्रॅम हवेची. म्हणून फुग्यातून एकही रेणू निसटला नाही, तरी काटा दीड ग्रॅमच्या आसपास घट दाखवेल. थोडा वायू द्रवात विरघळलेला राहतो आणि ताणलेल्या रबरामुळे फुग्यातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रत्यक्षातील घट याहून जराशी कमी भरते.

एक गोष्ट मला विशेष सुंदर वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर असताना नागपूरची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा बरीच विरळ असते, म्हणून तेव्हा प्लावक बल कमी असेल असे वाटते. पण त्याच उष्णतेने फुग्यातला वायूही तेवढाच प्रसरण पावतो. एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते आणि घटीचा आकडा दोन्ही ऋतूंत जवळपास तोच राहतो.

मग घरी खात्रीचा प्रयोग कोणता करावा?

असा प्रयोग करावा, ज्यात उपकरणाचे आकारमान बदलत नाही. त्यासाठी शीतपेयाची एक लिटरची, घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिक बाटली उत्तम. पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बाटली मुळीच वापरू नये. बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे. टिश्यू कागदाच्या तुकड्यात २ ग्रॅम सोडा घेऊन त्याची लांबट पुडी करावी आणि ती दोऱ्याने बाटलीच्या तोंडाशी अशी लटकवावी की झाकण लावल्यावर दोरा झाकणात दाबला जाईल. झाकणातून हवा गळत नाही ना, हे बाटली दाबून पाहावे. आता ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर बाटलीचे वजन घ्यावे. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा येथे उपयोगाचा नाही.

बाटली तिरकी करून व्हिनेगर पुडीला लागू द्यावे. फेस येतो, बाटली बोटांना टणक लागू लागते. आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण अर्ध्यापट वाढतो, जो शीतपेयाची बाटली सहज सोसते. मात्र सोड्याचे प्रमाण हौसेने वाढवू नये आणि प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा. फेस बसल्यावर पुन्हा वजन घ्यावे. आकडा आधीइतकाच येतो. दाबाने बाटली किंचित फुगल्यास शेवटच्या दशांश स्थळात अगदी थोडा फरक दिसेल. त्यानंतर झाकण हळूच सैल करावे, वायू ‘फुस्स’ करून जाऊ द्यावा, आणि झाकण, दोरा, बाटली असे सारे काही पुन्हा काट्यावर ठेवावे. आता अर्ध्या ग्रॅमहून अधिक घट दिसेल. बंद बाटलीचा न बदललेला आकडा आणि उघडल्यावर घटलेला आकडा, हे दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहावेत.

शाळेत मात्र दोन द्रावणे मिसळून हा नियम दाखवतात. ते का?

कारण त्या अभिक्रियेत वायू तयारच होत नाही. शंकुपात्रात कॅल्शिअम क्लोराइडचे द्रावण आणि आत लटकवलेल्या लहान परीक्षानळीत सोडिअम सल्फेटचे द्रावण घेऊन पात्र तिरके केले की कॅल्शिअम सल्फेटचा पांढरा अवक्षेप, म्हणजे द्रावणात न विरघळणारा साका, दिसतो आणि वजन तेच राहते. हिशेबही नीट बसतो: १११ ग्रॅम आणि १४२ ग्रॅम मिळून २५३, दुसऱ्या बाजूला १३६ ग्रॅम आणि ११७ ग्रॅम मिळून २५३. बेरिअम क्लोराइड वापरल्यास अवक्षेप अधिक ठळक येतो, पण बेरिअमचे विद्राव्य क्षार विषारी असल्यामुळे शाळेसाठी कॅल्शिअमच बरे.

नागपूरच्या हवामानाचा मोजमापावर परिणाम होतो का?

नियमावर होत नाही, मोजमापावर नक्की होतो. एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत उघड्या चंचुपात्रातील पाण्याची वाफ इतक्या झपाट्याने होते की दोन वजनांच्या मधल्या वेळातच शेवटचे दशांश स्थळ खाली सरकताना दिसते. पावसाळ्यात उलट होते: कॅल्शिअम क्लोराइडसारखा पदार्थ बाटलीतून काढल्याबरोबर हवेतील ओलावा शोषून जड होऊ लागतो. कूलर किंवा पंखा सुरू असताना नाजूक काटा स्थिरच राहत नाही, आणि गरम पात्र मोजल्यास त्याच्याभोवती वर जाणाऱ्या उष्ण हवेमुळे आकडा कमी येतो. म्हणून पात्र झाकलेले, खोलीच्या तापमानाला आलेले आणि पंखा बंद असलेला, या तिन्ही अटी पाळाव्यात.

हा नियम लव्हॉझिएनेच शोधला का?

तो तराजूच्या बळावर रसायनशास्त्राच्या पायात बसवण्याचे श्रेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे. पण तो एकटा नव्हता. तापवलेली कथील जड होते ती हवेमुळे, असे फ्रान्समधील जाँ रे याने १६३० मध्येच मांडले होते. १६७३ मध्ये रॉबर्ट बॉइल याने बंद काचपात्रात धातू तापवले, परंतु वजन केले ते पात्र उघडल्यानंतर. त्यामुळे आत घुसलेल्या हवेचे वजन त्याच्या हिशेबात आले आणि अग्नीचे कण काच भेदून धातूत शिरतात, असा निष्कर्ष त्याने काढला. एवढा मोठा प्रयोगकर्ता केवळ हद्द चुकीच्या क्षणी उघडल्यामुळे फसला, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. रशियातील लोमोनोसोव्ह याने १७५६ मध्ये तसाच प्रयोग पात्र न उघडता केला आणि वजन बदलत नसल्याचे पाहिले. मात्र त्याचे काम पश्चिम युरोपात फारसे पोहोचले नाही.

१७७४ मध्ये आंतवान लव्हॉझिए याने सीलबंद पात्रात कथील तापवली, उघडण्याआधी वजन केले, ते तेच भरले. मग पात्र उघडले, तेव्हा हवा आवाज करत आत शिरली आणि वजन वाढले. ही वाढ आणि कथिलाच्या वजनातील वाढ यांचा मेळ बसला. ज्वलनात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे काहीतरी बाहेर पडते, ही त्या काळची समजूत येथून ढासळू लागली. १७८९ मधील आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात त्याने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत लिहिले, तेही साखरेपासून मद्य होण्याच्या, म्हणजे किण्वनाच्या विवेचनात. पूर्व विदर्भात मोहफुले आंबवताना जे बुडबुडे येतात, ती हीच अभिक्रिया: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्या ग्रंथातील उपकरणांची चित्रे त्याची पत्नी मारी-ॲन हिने काढली होती. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये लव्हॉझिएला गिलोटिनवर चढवण्यात आले.

पुढे जर्मनीत हान्स लँडोल्ट याने सुमारे १८९३ ते १९०८ या काळात दोन भुजांच्या सीलबंद काचनळ्यांत अभिक्रिया घडवून अतिशय सूक्ष्म तराजूवर नियम तपासला. सुरुवातीला त्याला किंचित घट दिसली. ती अभिक्रियेच्या उष्णतेने काच प्रसरण पावल्यामुळे आणि काचेवरील ओलावा बदलल्यामुळे होती, असे नंतर ध्यानात आले. फुग्यात घडते तेच, पण कितीतरी पटींनी सूक्ष्म.

रासायनिक समीकरण संतुलित करताना सूत्रातील खालचे अंक का बदलू नयेत?

खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याच्या रेणूत आणखी एक ऑक्सिजन अणू घातला तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते. म्हणून रेणूंची संख्या बदलावी: हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू, ४ आणि ३२ मिळून ३६. येथे रेणू तीनाचे दोन झाले, तरी अणू सहाच राहिले. जपले जातात ते अणू, रेणूंची संख्या नव्हे.

उत्प्रेरक खर्च होत नाही, मग तो हिशेबात धरायचा का?

उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ. तो दोन्ही बाजूंना सारखाच धरायचा. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मनसर, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींचे मँगनीज आपल्या ओळखीचे आहे. त्याचा एक ऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड, ही काळी भुकटी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात टाकली की ऑक्सिजन जोरात सुटतो: ६८ ग्रॅम पेरॉक्साइडपासून ३६ ग्रॅम पाणी आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन. भुकटी गाळून, धुऊन, वाळवून मोजली तर जेवढी टाकली तेवढीच भरते.

बी एवढेसे आणि झाड एवढे मोठे. संत्र्याच्या झाडाचे वस्तुमान मातीतून येते का?

फारच थोडे. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ फान हेल्माँट याने कुंडीत वाढवलेल्या विलोच्या झाडाचे वजन पाच वर्षांत सुमारे १६४ पौंड वाढले, तर वाळवलेल्या मातीचे जेमतेम दोन औंस घटले. हा प्रयोग १६४८ मध्ये छापला गेला. त्याने सारे श्रेय पाण्याला दिले, कारण हवेतील वायूचा वाटा त्याच्या हिशेबात नव्हता. प्रकाशसंश्लेषणात २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी यांपासून १८० ग्रॅम ग्लुकोज व १९२ ग्रॅम ऑक्सिजन होतो. काटोल-वरुडच्या बागांतील झाडांचे लाकूड आणि फळांतील साखर यांतील कार्बन हवेतून आलेला असतो. मातीतून येणारी नत्र, पालाश, स्फुरद यांसारखी द्रव्ये वस्तुमानाने थोडी, पण त्यांच्याविना झाड वाढतच नाही.

चुन्याच्या भट्टीत दगड हलका होतो आणि भिंतीवर चुना पुन्हा कडक होतो. याचा संबंध काय?

शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळल्यासारखा खदखदतो आणि १८ किलो पाणी स्वतःत बांधून घेऊन ७४ किलो विरलेला चुना होतो. भिंतीला लावल्यावर तो हवेतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. ज्यांना या नियमावर गणिते करायची आहेत, त्यांनी सुरुवात या साखळीपासून करावी, कारण हिशेब पूर्ण फिरून मूळ आकड्यावर येतो.

अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणजे आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार वस्तुमान कमी व्हायला नको का?

होते, पण मोजता येण्यापलीकडे थोडे. १२ ग्रॅम कार्बन जळताना सुमारे ३९४ किलोज्यूल ऊर्जा मिळते. १९०५ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार एवढ्या ऊर्जेचे वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे तेवीस कोटीव्या भागाइतके येते. ४४ ग्रॅमच्या तुलनेत ते हजार कोटींत एक भाग ठरते. लँडोल्टचा तराजूही तेथवर पोहोचत नव्हता. त्यामुळे रासायनिक अभिक्रियांसाठी हा नियम निःशंकपणे वापरावा. अणुकेंद्राच्या विखंडनात मात्र युरेनिअमच्या वस्तुमानाचा सुमारे एक हजारांश भाग ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तेथे वस्तुमान व ऊर्जा यांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो.